घरच्या संगणकासाठी हातातला ब्लोअर : खान्देशातल्या धुळीपुढे त्याचे किती चालते?

संगणकाच्या कॅबिनेटमधली धूळ उडवण्यासाठी विजेवर चालणारा, हातात धरायचा ब्लोअर आता तालुक्याच्या गावातल्या हार्डवेअरच्या दुकानातही मिळतो. मी घेतलेल्या ब्लोअरला साडेतेराशे रुपये पडले. ऑनलाइन तोच ब्लोअर शंभर-दोनशे रुपयांनी स्वस्त दिसत होता, पण उद्या बिघडला तर नेऊन दाखवायला समोर माणूस असावा, म्हणून मी तो दुकानातूनच घेतला. ब्रँडचे नाव मुद्दामच देत नाही, कारण याच आकाराचे, याच बटणाचे आणि बहुधा याच साच्यातून निघालेले ब्लोअर चार-पाच निरनिराळ्या नावांनी आणि रंगांनी विकले जातात. खाली जे लिहिले आहे ते त्यांपैकी कोणत्याही ब्लोअरला थोड्याफार फरकाने लागू पडेल. हा ब्लोअर घ्यावा का, या प्रश्नाचे माझे उत्तर ‘घ्यावा’ असेच आहे. मात्र दुकानदार तो ज्या भरवशावर विकतो, तो भरवसा अर्धाच खरा आहे. ‘भाऊ, नुसती हवा मारा, आत हात घालायची गरजच नाही,’ असे मला सांगण्यात आले होते. नुसती हवा मारली की पंखा नव्यासारखा दिसू लागतो हे खरे, पण संगणक तापण्याचे मूळ कारण पंख्याच्या खाली दडलेले असते आणि तिथपर्यंत आपल्याकडच्या धुळीत ही हवा पोहोचत नाही.

आपल्याकडची धूळ म्हणजे काय, हे आधी सांगायला हवे. आमच्या, म्हणजे जळगाव जिल्ह्यातल्या, धरणगाव परिसरात कपाशीचा पेरा मोठा. दिवाळीच्या आसपास वेचणी सुरू झाली की भाव वाढण्याची वाट पाहत अनेक घरांत कापूस राहत्या खोलीतच साठवला जातो. आमच्याकडेही मागची खोली संक्रांतीनंतरपर्यंत कापसाने भरलेली असते आणि संगणक तिला लागून असलेल्या खोलीत आहे. कापूस हलवला, भरला, मोजला की त्याचे बारीक तंतू हवेत उडतात, दिवसभर तरंगत राहतात, आणि घरात हवा सतत आत ओढणारी जी एकच वस्तू असते, म्हणजे संगणक, तिच्यात जाऊन बसतात. पुढे पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळकी झाडे, उपटून झाली की रानात नांगरट सुरू होते. उन्हाने काळ्या मातीची ढेकळे फुटून त्यांची भुकटी होते, आणि एप्रिल-मे महिन्यांत दुपार कलल्यावर वावधान सुटले की दारे-खिडक्या लावूनही ती भुकटी टेबलावर बोटाने नाव लिहिता येईल इतकी साचते. त्यावर कडी करतो तो खोलीतला पाण्याचा कूलर. त्याच्याशिवाय इथला उन्हाळा निभत नाही, पण त्याची दमट हवा संगणकात शिरली की आधी नुसती बसलेली धूळ तिथेच चिकटते. तंतू, माती आणि ओल या तिन्ही गोष्टी एकाच पंख्याच्या वाटेवर भेटतात, त्यामुळे बंद खिडक्यांच्या वातानुकूलित घरात बसून केलेली या वस्तूची परीक्षणे आपल्याला फारशी उपयोगी पडत नाहीत.

ज्या संगणकावर मी हा ब्लोअर वापरला तो साधा घरगुती आहे. त्यात इंटेलचा आय-5 8400 हा प्रोसेसर आहे, प्रोसेसरसोबत खोक्यात येतो तोच हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा, धातूच्या पट्ट्यांचा ठोकळा) आणि त्यावरचा पंखा आहे, आणि कॅबिनेटच्या मागच्या बाजूला 120 मिलिमीटरचा आणखी एक पंखा आहे. या प्रोसेसरसाठी इंटेलने ठरवलेली तापमानाची कमाल मर्यादा 100 अंश सेल्सिअस आहे. ती जवळ आली की प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो, आणि तरीही तापमान चढतच राहिले तर स्वतःला वाचवण्यासाठी संगणक एकाएकी बंद होतो. घराघरांत ‘हँग होतोय’ किंवा ‘मधेच बंद पडतोय’ म्हणून जी तक्रार ऐकू येते, तिच्यातला मोठा भाग उन्हाळ्यातला असतो तो यामुळेच. विषाणू शिरला असेल असे समजून लोक विंडोज नव्याने टाकून घेतात, चार दिवस बरे वाटते, आणि दुपारी पुन्हा तेच होते. आमच्या संगणकाचा पंखा फेब्रुवारीपासूनच इतका आवाज करू लागला होता की मुलीला ऑनलाइन शिकवणीच्या वेळी कानाला हेडफोन लावूनही तो ऐकू येत असे. असा आवाज आला की पंखा गेला असे आपण म्हणतो, पण पंख्याचा वेग मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जिच्यावर जोडलेले असतात ती मुख्य पाटी, तापमान पाहून ठरवत असतो. खाली उष्णता अडली की तो पंख्याला पूर्ण वेगाने पळवतो आणि बिचारा पंखा दिवसभर पळत राहतो.

आता प्रत्यक्ष वस्तूकडे वळतो. खोक्यात ब्लोअर, रबराचे निमुळते नळकांडे, धूळ साठवायची कापडी पिशवी आणि मोटारीत बसणाऱ्या, झिजल्यावर बदलायच्या कार्बन ब्रशची एक जादा जोडी एवढे सामान मिळाले. खोक्यावर 600 वॅट आणि मिनिटाला 13,000 फेरे असे छापलेले आहे. अशा छापील आकड्यांवर माझा फारसा विश्वास नाही, परंतु हवेचा झोत जोरदार आहे याबद्दल शंका नाही. अंगणात पडलेली वाळकी पाने तो सहज भिंतीपर्यंत ढकलतो. मुठीत वेग कमी-जास्त करण्याची चकती आहे आणि बटण दाबून धरावे लागू नये म्हणून त्याला अडकवायची खटकी आहे. संगणकासाठी ती खटकी वापरू नये असे माझे मत आहे, कारण काही अडचण आली तर बोट उचलताक्षणी ब्लोअर थांबला पाहिजे. वायर मात्र फारच आखूड दिली आहे. ओट्यावर काम करायचे तर एक्स्टेन्शन बोर्डाशिवाय गत्यंतर नाही.

वापरण्याआधी एक गोष्ट पुस्तिकेत लिहिलेली नाही, ती सांगतो. नव्या ब्लोअरच्या आत कारखान्यातला बारीक कचरा असतो आणि जुन्याच्या आत मागच्या वापराची धूळ असते, म्हणून तो संगणकाकडे वळवण्यापूर्वी अर्धा मिनिट मोकळ्यात चालवून घ्यावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ब्लोअर हवा कुठून ओढतो हे पाहावे. त्याच्या कुशीला जाळी असते आणि हवा तिथून आत जाते. कॅबिनेट जमिनीवर ठेवून आपण वाकून हवा मारू लागलो की ही जाळी फरशीजवळ येते, आणि खालचीच माती ओढून ब्लोअर ती संगणकात फेकू लागतो. पांढऱ्या मदरबोर्डवर वाळूचे कण फेकले जाताना मी ते डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून कॅबिनेट स्टुलावर किंवा बाजेवर आडवे ठेवावे, ब्लोअर छातीच्या उंचीवर धरावा, आणि हे सगळे घराबाहेर, वाऱ्याकडे पाठ करून, नाकाला रुमाल बांधून करावे. वायर भिंतीतून काढून पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरणे, म्हणजे आत साठलेला प्रवाह निघून जातो, आणि काम सुरू करण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवणे या दोन गोष्टी खान्देशात जास्तच जपाव्यात. इथल्या कोरड्या हवेत मार्च-एप्रिलमध्ये खुर्चीवरून नुसते उठले तरी चटका बसतो, आणि तोच चटका रॅमला बसला तर तो कदाचित लक्षातही येणार नाही.

पंख्यावर हवा मारताना पंखा गरगर फिरतो आणि पाहणाऱ्याला फार समाधान वाटते. हे समाधान महागात पडते. संगणकाचा पंखा एका ठरावीक वेगासाठी बनवलेला असतो, आणि ब्लोअरचा झोत त्याला त्याच्या कितीतरी पट वेगाने फिरवतो. त्याने बेअरिंग झिजते आणि काही दिवसांतच पंखा घरघर करू लागतो. पाते एका बोटाने धरून किंवा दोन पात्यांच्या मधे लाकडी काडी अडकवून पंखा स्थिर ठेवावा, मगच हवा मारावी. ब्लोअर साधारण एक वीत अंतरावर आणि वेगाची चकती मध्यावर पुरे होते. याच ठिकाणी या वस्तूची पहिली मर्यादा दिसली. पात्यांच्या टोकांवरची मोकळी धूळ क्षणात गेली, मागच्या 120 मिलिमीटरच्या पंख्याची जाळी स्वच्छ झाली, मदरबोर्डवरचा राखाडी थर उडाला. परंतु पात्यांच्या पुढच्या कडेला जी काळसर रेघ चिकटून बसली होती ती पूर्ण वेगातही हलली नाही. कूलरच्या दमट हवेने बसवलेली ती माती होती. ओलसर कपडा बोटाला गुंडाळून एकेक पाते पुसले तेव्हा ती निघाली.

एवढे झाल्यावर झाकण लावून मी संगणक पुन्हा चालू केला आणि तापमान पाहिले. पडताळणीसाठी एचडब्ल्यू-इन्फो हे मोफत मिळणारे सॉफ्टवेअर वापरले, खोलीतला कूलर बंद ठेवला, आणि दर वेळी एकच मोठी व्हिडिओ फाइल रूपांतरित करायला लावली. हवा मारण्याआधी याच कामात प्रोसेसर 98 ते 100 अंशांवर जाऊन वेग कमी करत होता. हवा मारल्यावर तो 92 अंशांवर थांबला. सहा-आठ अंशांचा हा फरक काही कमी नाही. वेग कमी होण्याचे थांबले आणि संगणक बंद पडण्याची भीती गेली. पण पंखा पूर्वीइतकाच ओरडत होता, आणि साडेतेराशे रुपये देऊन, अंगभर धूळ घेऊन एवढेच पदरात पडत असेल तर ते पुरेसे नव्हते.

खरी गोष्ट पंखा काढल्यावर कळली. या हीटसिंकचा पंखा वरून खाली हवा फेकतो. त्यामुळे आत ओढलेले तंतू पंख्याच्या पात्यांतून पार होऊन खालच्या ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांच्या तोंडाशी अडतात, त्या तंतूंत माती अडकते, आणि पट्ट्यांवर एक झाकणच तयार होते. वरून ब्लोअर मारला की हे झाकण उडण्याऐवजी आणखी दाबले जाते, आणि पंखा जागेवर असेपर्यंत ते दिसतही नाही. आमच्या संगणकातला हा थर जुन्या गोधडीच्या आतल्या दबलेल्या कापसासारखा होता. चिमट्याने कडेला धरून उचलल्यावर तो अखंड, गोल, मधे पंख्याच्या गाभ्याएवढी जागा सोडलेला असा वर आला. खालची बाजू पांढुरकी, तंतूंची, आणि वरची बाजू काळ्या मातीने माखलेली. उरलेली धूळ मऊ केसांच्या एक इंची रंगाच्या ब्रशने पट्ट्यांच्या फटींतून वर ओढली, आणि त्यानंतर ब्लोअर आडवा धरून, म्हणजे पट्ट्यांच्या बाहेरच्या बाजूने आतल्या दिशेला, हवा मारली. ब्रशने सुटी केलेली धूळ मात्र ब्लोअरने अशी काही बाहेर फेकली की या वस्तूचे खरे मोल मला त्या वेळी पटले. तो ब्रश तीस रुपयांचा होता.

पंखा काढणे वाटते तेवढे अवघड नाही, पण ते कुणाकडे कोणता हीटसिंक आहे त्यावर अवलंबून आहे. इंटेलच्या खोक्यातल्या हीटसिंकवर पंख्याची चौकट प्लास्टिकच्या खाचांत बसवलेली असते. या खाचा एकेक करून बोटाने बाहेर ढकलल्या की पंखा सुटतो, आणि हीटसिंक प्रोसेसरवरून हलवावा लागत नाही. जुन्या संगणकात हे प्लास्टिक उष्णतेने ठिसूळ झालेले असते, तेव्हा स्क्रू-ड्रायव्हरने तिढा देण्यापेक्षा नखाने हळूहळू सोडवावे. उंच, मनोऱ्यासारख्या हीटसिंकचा पंखा तारेच्या दोन कमानींवर टांगलेला असतो, त्यामुळे तो सर्वांत सोपा. पंख्याची चार तारांची बारीक पिन मदरबोर्डवरून काढताना तारेला न ओढता प्लास्टिकच्या टोपणाला धरावे, आणि काढण्यापूर्वी मोबाइलवर एक फोटो काढून ठेवावा, म्हणजे परत लावताना ती कोणत्या जागेची होती यावर घरात चर्चा होणार नाही.

पंखा जागेवर बसवून पुन्हा तीच व्हिडिओ फाइल चालवली. तापमान 81 अंशांवर स्थिरावले आणि पंख्याचा आवाज निम्म्याहून कमी झाला. खोलीतल्या तापमापकात त्या वेळी 37 अंश होते, हे इथे सांगणे आवश्यक आहे, कारण पंखा थंडावा निर्माण करत नाही. तो फक्त खोलीतली हवा पट्ट्यांवर फेकतो, आणि त्या पट्ट्या खोलीच्या हवेपेक्षा थंड होणे शक्य नसते. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात जातो, तेव्हा बंद खोलीतही 40 अंश सहज असतात, आणि डिसेंबरात 68 अंशांवर राहणारा तोच स्वच्छ संगणक मे महिन्यात 80 ओलांडतो. पुण्यातल्या कुणाचे आकडे पाहून आपला संगणक बिघडला असे समजू नये. सफाईच्या आधीचे आणि नंतरचे आकडे एकाच दिवशी, लागोपाठ घेतले तरच त्यांची तुलना करण्यात अर्थ आहे.

हीटसिंकही काढावा का, हा पुढचा प्रश्न. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामध्ये लावलेली थर्मल पेस्ट पाच-सहा वर्षांत सुकून खडूसारखी होते, आणि मग धूळ काढूनही तापमान म्हणावे तसे उतरत नाही. आमच्याकडे 81 अंशांवर काम भागत असल्याने मी ती या खेपेला बदलली नाही. ज्यांना बदलायची असेल त्यांनी संगणक दहा-पंधरा मिनिटे चालवून पेस्ट कोमट होऊ द्यावी आणि हीटसिंक सरळ न उपटता किंचित पिळून सोडवावा. इंटेलच्या या सॉकेटमध्ये, म्हणजे मदरबोर्डवरच्या प्रोसेसरच्या खोबणीत, प्रोसेसर पत्र्याच्या चौकटीखाली दाबलेला असतो, पण एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या एएम-4 सॉकेटमध्ये चिकटलेल्या हीटसिंकसोबत प्रोसेसरच उपटून हातात येऊ शकतो आणि त्याच्या पायांतली एखादी सुई वाकते. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी, नवी तुरीच्या दाण्याहून थोडी मोठी एवढीच ठेवावी. हे काम ब्लोअरच्या आवाक्यातले नाही, म्हणून त्याविषयी इतकेच.

एसएमपीएसच्या, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, बाबतीत मात्र ब्लोअर एकटाच पुरेसा आहे, आणि तो एकटाच वापरावा. या डब्याच्या आत 230 व्होल्टचा प्रवाह येऊन त्याचा सुमारे 325 व्होल्टचा सरळ प्रवाह होतो आणि तो साठवणारे कपॅसिटर वायर काढल्यानंतरही भरलेले राहू शकतात. स्क्रू काढून तो डबा उघडण्याचा मोह कुणालाही होऊ नये. बाहेरच्या जाळीतून, कमी वेगावर, थांबून थांबून हवा मारली की आतली बरीचशी धूळ निघते. हा पंखा धरून ठेवता येत नाही, म्हणून झोत एका वेळी दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त ठेवू नये. आमच्या एसएमपीएसमधून निघालेला काळा लोट पाहून शेजारचे काका काय पेटले म्हणून पाहायला आले होते.

याच कामासाठी लोक आणखी जे उपाय करतात, त्यांच्याशी तुलना केल्याशिवाय साडेतेराशे रुपये योग्य की अयोग्य हे ठरणार नाही. दाबाखालच्या हवेचा डबा संगणकाच्या दुकानात चारशे ते सहाशे रुपयांना मिळतो. त्याचा झोत अचूक असतो आणि लॅपटॉपसाठी तो ब्लोअरपेक्षा बरा. पण आपल्याकडच्या धुळीत एका कॅबिनेटलाच अर्ध्याहून अधिक डबा संपतो. शिवाय त्यात हवा नसून द्रवरूप केलेला वायू असतो. डबा उलटा धरला तर तो द्रव थेट मदरबोर्डवर पडतो, आणि बहुतेक डब्यांतला हा वायू पेट घेणारा असतो. डब्यावर 50 अंशांपेक्षा जास्त तापमानात ठेवू नये अशी सूचना छापलेली असते. जळगावहून आणताना असा डबा भर मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवून बाजारहाट करणाऱ्याने ती सूचना दोनदा वाचावी.

पंक्चरच्या दुकानात कॅबिनेट घेऊन जाणे हा आपल्या भागातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत वाईट उपाय आहे. टायरमध्ये हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचलेले असते, त्यात यंत्राच्या तेलाचा अंश असतो, आणि तो सगळा फवारा प्रचंड दाबाने मदरबोर्डवर येतो. धूळ जाते, पण तेलाचा जो हात बसतो त्यावर पुढची धूळ दुप्पट वेगाने चिकटते. घरातला व्हॅक्यूम क्लीनर वापरणाऱ्यांना एवढेच सांगतो की त्याच्या प्लास्टिकच्या नळीवर कोरड्या हवेत स्थिर वीज साठते, आणि घट्ट बसलेला थर तो ओढूही शकत नाही. याच ब्लोअरला कापडी पिशवी जोडून त्याचा व्हॅक्यूम करता येतो असे खोक्यावर चित्र आहे. मी तसे करून पाहिले. काळ्या मातीची भुकटी पिशवीच्या विणीतून आरपार येते आणि खोलीभर पसरते. पिशवी तेव्हापासून खोक्यातच आहे.

राहिला घरी येणारा दुरुस्तीवाला. आमच्याकडे गेल्या वर्षी एकाला बोलावले होते, त्याने ‘फुल सर्व्हिसिंग’चे तीनशे रुपये घेतले. कॅबिनेटची एक बाजू उघडून, आमच्याच बैठकीत, त्याने असाच एक ब्लोअर पूर्ण वेगावर वरून मारला, पंखा विमानासारखा किंचाळला, आणि काम झाले. पंखा काढून पाहण्याची विनंती केली तेव्हा तसे करायची गरज नसते असे उत्तर मिळाले. सगळेच दुरुस्तीवाले असे नसतात, पण ज्याच्या हातात ब्लोअर असतो त्याच्या हातात ब्रश सहसा नसतो, हे मी एकापेक्षा अधिक ठिकाणी पाहिले आहे. तीनशे रुपयांच्या हिशोबाने पाहिले तर चार-पाच वेळा दुरुस्तीवाला बोलावण्याच्या पैशांत ब्लोअर घरचा होतो, आणि आपल्या भागात वर्षातून किमान दोनदा सफाई लागते. एक घरातला कापूस विकला गेल्यावर, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि दुसरी मृगाचा पाऊस पडून वावधान थांबल्यावर. दुसरी सफाई पावसाची उघडीप पाहून कोरड्या दिवशी करावी.

ज्यांच्या संगणकाला अजून हमीचा कालावधी आहे त्यांनी कॅबिनेटवर दुकानदाराने चिकटवलेला कागदी शिक्का आधी पाहावा. तो फाटला की पुढे काही बिघडल्यास दुकानदार हात वर करतो. अशा संगणकाला शिक्का न फोडता बाहेरच्या जाळ्यांतून हवा मारणे एवढेच ब्लोअरने करता येईल, आणि त्यासाठी कुणी साडेतेराशे रुपये घालावेत असे मला वाटत नाही. लॅपटॉपवाल्यांनाही मी हा ब्लोअर सुचवणार नाही. लॅपटॉपच्या पंख्याची पाती फार नाजूक असतात, ती बाहेरून धरता येत नाहीत, आणि या झोताचा कमीतकमी वेगही त्यांना जास्तच होतो.

धूळ आत येण्याआधीच अडवण्याचे काम ब्लोअर करू शकत नाही, पण ते त्याच्या जोडीने केले तर सफाईचे अंतर वाढते. कॅबिनेटच्या ज्या बाजूने हवा आत जाते तिथे चुंबकाच्या पट्टीची बारीक जाळी मी लावली आहे. शंभर-दीडशे रुपयांची ही जाळी कापसाचे तंतू जवळजवळ सगळे अडवते. मातीची भुकटी मात्र तिच्यातून बरीचशी पार होते. ती पंधरा-वीस दिवसांनी काढून धुवावी लागते, नाहीतर तीच हवेची वाट बंद करते आणि आपण जे टाळायला निघालो तेच घडते. कॅबिनेट फरशीवरून टेबलावर उचलले, आणि कूलरचा झोत त्याच्या अंगावर येणार नाही अशी त्याची जागा बदलली. या दोन बदलांना काही खर्च आला नाही, आणि पात्यांच्या कडेची ती चिकट काळी रेघ यंदा पावसाळ्यापर्यंत पुन्हा दिसली नाही.

ब्लोअरच्या इतर त्रुटी थोडक्यात नोंदवतो. आवाज कानठळ्या बसवणारा आहे. दुपारी वामकुक्षीच्या वेळी तो वापरला तर शेजारधर्म बिघडेल. तो एका दमात पाच मिनिटांपेक्षा जास्त चालवू नये, कारण मुठीपर्यंत गरम होतो आणि जळकट वास येऊ लागतो. वीज गेली असताना इन्व्हर्टरवर तो लावू नये. घरचा लहान इन्व्हर्टर दोन पंखे, दोन दिवे यांच्या जोडीला 600 वॅटचे हे ओझे घेत नाही आणि लगेच ओव्हरलोडची शिट्टी वाजवतो; भारनियमनाच्या वेळा पाहूनच सफाईला बसावे लागते. रबराचे नळकांडे तोंडावर नीट घट्ट बसत नाही. पूर्ण वेगावर ते सुटून थेट मदरबोर्डवर आदळू शकते, म्हणून मी ते बाहेरून इन्सुलेशन टेपने बांधून टाकले आहे.

मोटारीतले कार्बन ब्रश ही झिजणारी वस्तू आहे. ब्लोअरच्या फटींतून निळसर ठिणग्या जास्त दिसू लागल्या किंवा वेग अडखळू लागला की ते संपत आले असे समजावे. दोन्ही बाजूंची काळी गोल टोपणे चपट्या स्क्रू-ड्रायव्हरने उघडली की जुने ब्रश स्प्रिंगसह बाहेर येतात आणि नवे तसेच आत सरकवता येतात. खोक्यातली जादा जोडी संपल्यावर त्याच मापाची जोडी मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे तीस-चाळीस रुपयांत मिळते. जुनी जोडी मापासाठी सोबत न्यावी, कारण वेगवेगळ्या ब्लोअरना वेगवेगळ्या जाडीचे कार्बन लागतात.